८० मिलिमीटरच्या स्पॉटिंग स्कोपसाठी आयपीस आणि ट्रायपॉड कोणता घ्यावा?

रंकाळाकाठ (कोल्हापूर) :

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून गेली अकरा वर्षे ८×४२ ची (८ पटी, ४२ मिलिमीटर भिंग) दुर्बीण घेऊन रंकाळा व कळंबा या तळ्यांवर आणि जमेल तेव्हा राधानगरीकडे पक्षी पाहायला जातो. हळदीकुंकू बदक किंवा वारकरी ओळखायला दुर्बीण पुरते; परंतु हिवाळ्यात कळंब्याच्या पलीकडच्या काठावर चिखलात उतरणारे तुतवार आणि त्यांचे भाईबंद तिच्यातून नुसते हलणारे ठिपके दिसतात, आणि चोचीची लांबी व पायांचा रंग कळल्याशिवाय त्यांची ओळख पटत नाही. म्हणून गेल्या महिन्यात एका परिचितांकडून ८० मिलिमीटर भिंगाचा, ४५ अंशांत वाकलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने पाहायची जास्त पटींची दुर्बीण, घेतला. आयपीस, म्हणजे डोळा लावायचा मागचा भिंगाचा भाग, मात्र त्यांच्याकडे राहिला नव्हता.

त्याच कंपनीचे दोन आयपीस माझ्या आवाक्यात आहेत : २० ते ६० पटींचा झूम आणि ३० पटींचा स्थिर वाइड, म्हणजे पटी न बदलणारा पण रुंद वर्तुळ दाखवणारा. दोन्हींतला एकच घेता येईल. मी चष्मा लावतो आणि तो काढून पाहणे मला जमत नाही. ट्रायपॉड म्हणून घरात बॉल हेड (गोळ्यावर सर्व बाजूंना फिरणारे डोके) असलेला कॅमेऱ्याचा जुना हलका ट्रायपॉड आहे. एका स्नेह्यांचा झूम लावून रंकाळ्यावर पाहिले, तेव्हा ६० पटींना तळ्यातला दगडी संध्यामठ थरथरत होता आणि चित्रही अंधारलेले होते. हा दोष आयपीसचा, ट्रायपॉडचा की माझ्या हाताचा, हे मला ठरवता आले नाही. शिवाय नात ५० मीटर रायफलचा सराव करते. तिला कागदी लक्ष्यावरची छिद्रे पाहण्यासाठी हाच स्कोप चालेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

दाजीपूरवाट :

नमस्कार सर. आपण पाहिलेल्या दोन दोषांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून ती वेगळी करून सांगतो.

अंधार हा आयपीसचा दोष नव्हे, तो गणिताचा भाग आहे. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. आपल्या स्कोपमध्ये २० पटींना हा झोत ४ मिलिमीटर, ३० पटींना सुमारे २.७ आणि ६० पटींना अवघा १.३ मिलिमीटर राहतो. २० वरून ६० वर गेल्यावर झोताची जाडी तिसरा हिस्सा झाली, तर चित्राचा उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली आकसलेली असल्याने ३० पटींना काहीच कमी वाटत नाही, पण दिवस मावळताना ६० पटी जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

थरथर मात्र ट्रायपॉडची आहे. आपला हात स्कोपला लागला की हलका ट्रायपॉड थरथरतो, आणि ती थरथर स्कोप तितक्याच पटींनी मोठी करून दाखवतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पैसे मर्यादित असतील तर आधी ट्रायपॉडचा विचार करावा आणि उरलेल्या रकमेत आयपीस बसवावा. बहुतेक जण नेमके उलट करतात आणि मग उत्तम भिंग घेऊनही वर्षभर चडफडत राहतात.

आयपीसबद्दल. झूम घेतला म्हणजे २० पटींना भरपूर परिसर दिसेल असे वाटते, पण साध्या झूममध्ये डोळ्याला दिसणारे वर्तुळ कमी पटींनाच सर्वांत अरुंद असते. नळीतून पाहिल्यासारखे वाटते ते यामुळेच. समजा झूममध्ये २० पटींना डोळ्याला ४० अंशांचे वर्तुळ दिसते. २० ने भागले की प्रत्यक्षात २ अंश मिळतात. स्थिर वाइडमध्ये ६६ अंशांचे वर्तुळ असेल, तर ३० ने भागून २.२ अंश मिळतात. पाचशे मीटरवर हा फरक साधारण साडेसतरा मीटर विरुद्ध एकोणीस मीटर असा येतो. म्हणजे पक्षी दीडपट मोठा दिसतो आणि परिसरही किंचित जास्तच मिळतो. आता वाइड झूमही निघाले आहेत, परंतु आपण दिलेल्या पर्यायांत ते नाहीत.

चष्म्यासाठी आय रिलीफ पाहावा, म्हणजे आयपीसच्या काचेपासून किती अंतरावर डोळा ठेवला असता पूर्ण वर्तुळ दिसते ते अंतर. चष्मा लावणाऱ्याला किमान १५, शक्यतो १७-१८ मिलिमीटर हवे. अनेक झूममध्ये पटी वाढवल्यावर हे अंतर घटते आणि कडा काळ्या पडतात. माहितीपत्रकातील एका आकड्यावर विसंबू नये. रबरी कप पूर्ण खाली करून, स्वतःचा चष्मा लावून, सर्वाधिक पटींवर पाहावे.

आयपीस त्याच कंपनीचा घेताय हे उत्तम, कारण बहुतेक स्कोपची जोडणी त्या त्या कंपनीची स्वतःची असते. काही थोड्या स्कोपांना आकाशदर्शनाच्या दुर्बिणीचे सव्वा इंची आयपीस बसतात.

ट्रायपॉडसाठी बॉल हेड बाजूलाच ठेवावे. पकड सैल केली की सगळा भार एका बाजूला कलंडतो आणि उडत्या पक्ष्यामागे स्कोप फिरवता येत नाही. लांब दांडी असलेले फ्लुइड हेड (दाट द्रवामुळे संथ, अलगद फिरणारे डोके) घ्यावे आणि त्याची प्लेट पुढे-मागे सरकणारी असावी, म्हणजे आयपीसच्या वजनाने स्कोप मागे झुकणार नाही. आयपीससह आपला स्कोप दोन किलोच्या आसपास भरेल. हेड चार-पाच किलो पेलणारे असावे. पाय चार टप्प्यांऐवजी तीन टप्प्यांचे असतील तर जास्त घट्ट उभे राहतात, कारण सांधे कमी आणि शेवटची नळी जाड असते. मधला दांडा वर काढू नये. आपला स्कोप वाकलेला असल्याने तो छातीच्या उंचीवर ठेवूनही मान न ताणता पाहता येते, त्यामुळे उंच ट्रायपॉडची गरजच नाही.

पन्नासमीटर :

आपल्या नातीचे अभिनंदन. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात) जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमधून तीन पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक आणले, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात सरावाला येणाऱ्या मुलांना या प्रकाराचे वेगळेच आकर्षण आहे.

या सरावाला जास्त पटी लागत नाहीत. गोळीचे छिद्र ५.६ मिलिमीटरचे असते. पन्नास मीटरवरून ते नुसत्या डोळ्याला दिसणे अवघड, पण २० पटींनाही स्पष्ट दिसते, ३० पटींना तर निश्चिंतपणे. नेमबाजाला त्याहून महत्त्वाचे असते ते जमलेली पोझिशन न मोडता, मान जराशी वळवून पाहता येणे. म्हणून लांब आय रिलीफचा ३० पटींचा आयपीस तिलाही सोयीचा जाईल. ट्रायपॉड मात्र तिला वेगळा लागेल. प्रोनमध्ये स्कोप जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळ्याशेजारी यावा लागतो, आणि त्यासाठी जड बैठकीचा उभा दांडा वापरतात. आपल्या ट्रायपॉडचे पाय सपाट पसरत असतील तर सुरुवातीला त्यावर भागेल.

तळेकरी :

दाजीपूरवाट यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, तरी झूमची बाजू मांडतो. सकाळी हवा स्वच्छ आणि गार असताना, दूरच्या शेकाट्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेली ओळखीची कडी वाचायची असेल, तर ४० ते ४५ पटींचा खरोखर उपयोग होतो. स्थिर आयपीसवर ती सोय नाही, आणि धुळीच्या वाऱ्यात काठावर उभे राहून आयपीस बदलणे मला तरी मान्य नाही. मात्र सकाळी दहानंतर उन्हाने पाण्यावरची हवा लहरू लागली की कितीही पटी लावल्या तरी लहरीच मोठ्या दिसतात, हेही तितकेच खरे. सर, आपण नियमित कोणत्या वेळी जाता, यावर निर्णय अवलंबून ठेवावा.

पावसाळ्याबद्दल एक विनंती. आपल्याकडच्या दमट हवेत कातडी पेटीत ठेवलेल्या आयपीसला बुरशी लागते आणि ती काचेवरचा लेप खाते. आयपीस हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि रंग बदललेल्या पुड्या बदलत जाव्यात.

रंकाळाकाठ :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. मी बहुधा संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत जातो, म्हणजे उजेड उतरत असताना. त्यामुळे ३० पटींचा वाइड घेण्याचे ठरवले आहे. ट्रायपॉड दुकानात जाऊन स्कोपसह तपासणार आहे. तपासणी कशी करावी?

दाजीपूरवाट :

स्कोप बसवून, पाय पूर्ण उघडून, समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी पाहावी आणि स्कोपच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारावी. एका सेकंदात अक्षरे स्थिर झाली तर ट्रायपॉड घ्यावा. तीन सेकंद हलत राहिली तर दुसरा मागावा. तळ्याच्या काठी वारा असेल तर मधल्या दांड्याला पिशवी अडकवावी, पण ती जमिनीला थोडी टेकलेली असावी, नाहीतर पिशवीच झुलून स्कोप हलवते.