हायवेचं काम टाळून बाईकने गुहागर, समुद्राकाठचा रस्ता कसा आखू?

भांडुपचा_रायडर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरला आत्याकडे जायचंय, गाडी युनिकॉर्न, मागे बायको. गेल्या वर्षी सरळ गोवा हायवेने गेलो, पनवेलजवळचं पळस्पे सोडल्यापासून थोडं सिमेंट, मग डायव्हर्जन, परत सिमेंट, परत डायव्हर्जन, आणि अंधार पडल्यावर एका वळणावर खडीवरून मागचं चाक सरकलं नि आम्ही दोघं पडलो. लागलं फार नाही पण तिच्या मनात भीती बसलीय ती अजून गेलेली नाही, यावेळी म्हणते एसटीनेच जाऊया. मला तिला बाईकवरूनच न्यायचंय, नीट, कोकण दाखवत. 2011 पासून पळस्पे-इंदापूरचं काम बघतोय, आता त्या पट्ट्यात जायचं मनच होत नाही. अटल सेतू आणि एक्सप्रेसवे दोन्ही बाईकला बंद, म्हणून शेवटी फिरून तिकडेच जावं लागतं. जायला दोन दिवस आहेत, वाटेत मुक्काम चालेल. कसं जाऊ?

खाडीपलीकडे
दादा, तुम्ही पळस्पेला जाऊच नका. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो, म्हणजे गाड्या नेणारी बोट घ्या, बाईक आत जाते, साधारण तासाभरात पलीकडे. शनिवार-रविवारी भरलेली असते म्हणून आधी बुक करा. मांडव्याला उतरलात की अलिबाग, रेवदंडा, खाडीवरचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, मुरुड, आणि मुरुडच्या पुढे आगरदांडा. तिथे जंगल जेट्टीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, गाडी घालायची की पलीकडे दिघी, मग दिवेआगरला मुक्काम. जेमतेम शंभर किलोमीटर होतात पण पहिल्या दिवशी एवढंच करा, कोर्लईच्या किल्ल्याखाली थांबा, काशीदला नारळपाणी प्या, मागे बसणाऱ्याला त्या रस्त्यावर कंटाळा येत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र लवकर निघा. दिवेआगर ते श्रीवर्धन आतल्या रस्त्याने जाऊ नका, शेखाडीवरून जा, तिथे रस्ता आणि समुद्र यांच्यात फक्त खडक आहेत. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याला परत जेट्टी, पलीकडे वेश्वी, म्हणजे सावित्रीची खाडी ओलांडून तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. वेश्वीहून वर चढून मांदिवलीमार्गे केळशी, आंजर्ले, हर्णै. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपाशी दहा मिनिटं तरी बसा, खाली किनारा आणि समोर सुवर्णदुर्ग दिसतो. मग मुरुड (हे दापोलीचं), कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. दाभोळला शेवटची जेट्टी, वाशिष्ठीच्या पलीकडे धोपावे, तिथून गुहागर पाऊण तास. मुंबई ते गुहागर, आणि हायवेला चाकसुद्धा लागत नाही.

एकच गोष्ट सांभाळा, जेट्टीची शेवटची फेरी. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा, नाहीतर खाडीच्या अलीकडे अडकाल आणि रस्त्याने फिरून जायला कित्येक तास जातील.

माटुंग्याची_स्वारी
वरचा रस्ता अगदी बरोबर. मी मागे बसूनही फिरलेय आणि स्वतः चालवूनही, म्हणून थोडं वेगळं लिहिते. भीती बसलेल्या माणसाला "काही होत नाही" सांगून उपयोग नसतो हो, पुढे काय येतंय ते आधी सांगायचं. ब्लूटूथ नसलं तरी चालेल, पाठीवर थाप मारायची खूण ठरवा, एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. ती सांगेल तिथे खरोखर थांबा. दोन दिवसांत विश्वास परत येतो, मी स्वतः अनुभवलंय.

आणि जेट्टीवर चढता-उतरताना ताईंना खाली उतरवा. तो लोखंडी उतार ओला असतो, शेवाळही असतं, पहिल्या गियरमध्ये सरळ चढायचं, मध्ये पुढचा ब्रेक दाबायचा नाही. आत गाडी गियरमध्ये ठेवून तिच्यापाशीच उभे राहा.

मॅप लावताना बाईकचा मोड निवडा, नाहीतर तो अटल सेतूवर नेऊन ठेवतो. आणि मॅपवर रस्ता लाल नाही म्हणजे चांगला असं धरू नका, मॅपला गर्दी दिसते, खडी दिसत नाही.

घाटवाट
जाण्याचं झालं, येताना काय? तीन जेट्ट्या परत करायचा कंटाळा आला तर चिपळूणवरून हायवेने या, पण सकाळी उजाडल्यावर निघायचं, रात्री अजिबात नाही. परशुराम घाट, खेड, मग कशेडीचा बोगदा, जवळपास दोन किलोमीटरचा आहे, जुन्या घाटात पाऊण तास जायचा तो आता दहा मिनिटांत उरकतो. आत शिरायच्या आधी गॉगल काढा. पोलादपूर, महाड, माणगाव. माणगाव आणि इंदापूरच्या बाजारातच सगळी गर्दी तुंबते, म्हणून माणगावात उजवीकडे निजामपूरला वळा, रवाळजे, पाली, खोपोली, आणि जुन्या मुंबई-पुणे हायवेने पनवेल. गणपतीत पोलिससुद्धा गाड्या याच बाजूने काढतात. दोन्ही बाजूला डोंगर, पालीला बल्लाळेश्वराचं दर्शनही होतं.

जिथे काम चालू आहे तिथे नवीन सिमेंट आणि जुनं डांबर यांच्यात वीतभर फरक असतो, त्या कडेला समांतर चाक गेलं की गाडी आडवी, म्हणून हळू करून शक्य तितक्या काटकोनात चढवा. टँकरने पाणी मारलेली लाल माती तर खडीपेक्षा वाईट. आणि ट्रकच्या मागे चिकटून राहू नका, धुळीत खड्डा दिसतच नाही. तुम्ही पडलात त्यात तुमची चूक कमी आणि अंधाराची जास्त, असं मला वाटतं.

भांडुपचा_रायडर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं तिला वाचून दाखवलं, थापेची खूण तिला पटली, आणि कड्यावरच्या गणपतीचं ऐकून स्वतःच म्हणाली जाऊया. रोरो बुक करतोय. येताना पालीवरून. पेट्रोलचं काय, किनाऱ्याने पंप मिळतात का?

खाडीपलीकडे
अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली, चारही ठिकाणी मिळेल, मधल्या गावांच्या भरवशावर राहू नका. श्रीवर्धनला टाकी फुल केलीत की दापोलीपर्यंत बघायला नको. आणि मागे ओझं आहे तर निघताना मागच्या टायरची हवा वाढवून घ्या, किती ते चेनकव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.