सगळे पेपर सुटले, तरी निकाल राखून ठेवलाय

बी-५०३ : नमस्कार. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे हे माहीत आहे, पण इथे कुणीतरी नक्की सांगू शकेल म्हणून विचारते. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. सगळे पेपर सुटलेत, पण निकाल राखून ठेवलाय. कॉलेजची नोटीस आली आहे, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये दुसऱ्या विद्यार्थिनीच्या जर्नलशी साम्य आढळलं, ७ दिवसांत लेखी खुलासा द्या. पुढच्या प्रवेशाची मुदत तोंडावर आलीये. पास असताना पदवी अशी अडवता येते का?

सी-२०१ : वहिनी, घाबरू नका. जर्नल कोण उतरवत नाही? एक माफीनामा लिहून द्या, मिटेल.

ए-१०४ : वहिनी, माफीनामा एवढ्यात देऊ नका. मी परीक्षा विभागात २६ वर्षं काढली, म्हणून सांगतो. निकाल राखून ठेवता येतो. पेपर सुटणं ही पदवीची एक अट झाली. ठरलेले क्रेडिट, म्हणजे विषयाच्या तासांवर मिळणारे श्रेयांक, ठरलेल्या विषयगटांत पूर्ण हवेत, आणि गैरप्रकाराची चौकशी बाकी असेल तर ती आधी संपावी लागते. पण चौकशी लागली म्हणजे दोष सिद्ध झाला असं मुळीच नाही. नेमकं काय केलं हे न बघता माफी मागितली, तर न केलेलंही कबूल केल्यासारखं होतं आणि तो कागद फाइलला कायम राहतो. नोटिशीत कोणता विषय, कोणते प्रयोग, हे लिहिलंय का?

बी-५०३ : हो काका. प्रयोग ४ आणि ७. आज तिला जवळ बसवून दोन्ही जर्नलचे फोटो लावून बघितले. चौथ्याच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत ०.३८ हवं तिथे ०.८३ पडलंय. आकडा उलटा झालाय, आणि तो दोन्हीकडे तस्साच उलटा आहे. तिचं म्हणणं, रीडिंग तिनेच घेतली. मैत्रीण त्या दिवशी आजारी होती, सबमिशन जवळ आलं म्हणून हिने आपलं जर्नल दिलं.

बी-३०२ : ताई, मी स्वतः कॉलेजात शिकवतो, स्पष्ट बोललो तर राग मानू नका. आम्ही अशा वेळी दोघींनाही नोटीस काढतो. कागदावर कोणी कोणाचं उतरवलं ते दिसत नाही. आणि बहुतेक कॉलेजांच्या आचारसंहितेत आपलं काम उतरवायला देणं हाही गैरप्रकारच धरलेला असतो.

सी-२०१ : मग पोरांनी एकमेकांना मदत करायचीच नाही का सर?

बी-३०२ : करायची ना. शेजारी बसून समजवायचं, तिच्याकडून पुन्हा प्रयोग करून घ्यायचा, रीडिंग चुकली तर दाखवायची. वही हातात दिली की तो प्रयोग त्या मुलीने केलाच नाही. पुढे तिला खऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि असाच उलटा आकडा कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टवर गेला तर? मला या गोष्टीची फार काळजी वाटते. वर्गात दरवर्षी सांगतो.

ए-१०४ : सरांचं खरं आहे. तरीही शिक्षा करण्याआधी मुलीचं ऐकून घेणं कॉलेजला बंधनकारक आहे. वहिनी, खुलाशाबरोबर आरोपाचा आधार असलेल्या पानांच्या प्रती मागा आणि सुनावणीची विनंती लेखी करा. तिची प्रयोगाच्या दिवशीची रफ वही आहे का? तारीख आणि सरांची सही असलेली? ती शोधा, सगळं त्यावर ठरेल. घडलं ते घडलं तसं लिहा, मैत्रिणीला शिव्या नकोत.

डी-४०१ : विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. आमच्या चिरंजीवांचे १२२ क्रेडिट झालेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात ना? तरी पोर्टलवर ‘अपूर्ण’ दिसतंय.

बी-३०२ : दादा, एकूण बेरीज बघू नका, गट बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात १२० ची वाटणी दिली आहे. मेजरचे म्हणजे मुख्य विषयाचे ६०, मायनरचे म्हणजे दुय्यम विषयाचे २४, बहुविद्याशाखीय ९, भाषा ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित विषय ६ ते ८, इंटर्नशिप २ ते ४. विद्यापीठानुसार थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रकच प्रमाण. एका गटातले जास्तीचे क्रेडिट दुसऱ्या गटाचं भोक बुजवत नाहीत.

डी-४०१ : मूल्यवर्धितमध्ये ४ च आहेत! त्याने मेजरचा एक जादा विषय घेतला होता, आवड म्हणून.

बी-३०२ : मग तिथेच अडलंय. बहुतेक पर्यावरणाचा राहिला असेल, मुलं तो शेवटावर टाकतात. दोन क्रेडिट म्हणजे थिअरीचे ३० तास. ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलचा एखादा कोर्स चालतो का ते आधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, मगच नाव नोंदवा. आणि डिजिलॉकरमध्ये त्याच्या एबीसी (क्रेडिट जमा होणाऱ्या बँकेच्या) खात्यात सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट जमा झालेत का तेही बघा. कधीकधी कॉलेजकडून चढवायचे राहून जातात.

डी-४०१ : हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

ए-१०४ : माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. प्रवेशाच्या गर्दीत कोणी उघडत नाही. मी खिडकीवर बसायचो तेव्हा शेवटच्या सेमिस्टरला रडवेली मुलं यायची, आणि एका विषयासाठी हातातली नोकरी गेलेली मुलंही मी पाहिली आहेत. फार वाईट वाटायचं.

ए-६०२ : हमीपत्राचंही तसंच. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलाबरोबर पालकांनाही द्यावं लागतं. आम्ही दोघांनी न वाचता सही केली होती. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा नंतर वाचला. दोष सिद्ध झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, आणि ५ वर्षं कुठल्याच संस्थेत प्रवेश नाही. तेव्हा मुलाला समोर बसवून पुन्हा वाचून दाखवलं.

बी-५०३ : काका, आणि कॉलेजने नुसतंच लांबवलं तर? मुदत निघून जाईल हो.

ए-१०४ : निकाल वेळेवर न लावणं ही यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तक्रार होऊ शकते. विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करायचा, तिने कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर त्यापुढे १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे. पण आधी खुलासा मुदतीत जाऊ दे. मुदत चुकली की मुलीला काही म्हणायचंच नाही असं धरून पुढे जातात. जिथे प्रवेश घ्यायचा आहे तिथेही आजच मेल करा, निकाल प्रलंबित आहे, तात्पुरता प्रवेश देता का म्हणून.

*

बी-५०३ : सुप्रभात. रात्री दीडपर्यंत बसलो. रफ वही माळ्यावरच्या पिशवीत सापडली. तिच्यात ०.३८ च आहे, बाजूला सरांची सही आणि तारीखही. म्हणजे जर्नलमध्ये उतरवताना हिचंच चुकलं आणि मैत्रिणीने ती चूकसुद्धा उचलली. पहिल्या मसुद्यात हिने लिहिलं होतं, “मैत्रीण उतरवेल असं वाटलं नव्हतं.” सकाळी उठून तिने स्वतःच ती ओळ खोडली. आता असं आहे, “रीडिंग माझी आहेत. जर्नल मी दिलं. ते उतरवलं जाईल याची मला कल्पना होती.” काका, ठेवू का ही ओळ? यांना वाटतंय काढावी.

ए-१०४ : ठेवा. रफ वहीमुळे तिचं काम सिद्ध होतंय, आणि उरलेलं ती आपणहून सांगतेय. समितीवर बसलेली माणसं असे खुलासे शेकड्यांनी वाचतात, खरं लिहिलेलं त्यांना कळतं.

बी-३०२ : मी समितीवर बसलोय. काकांशी सहमत. अशी ओळ मला क्वचित वाचायला मिळाली आहे.

ए-१०४ : वहिनी, रफ वहीची झेरॉक्स जोडा, मूळ वही कोणाच्याही हातात देऊ नका, सुनावणीला नुसती दाखवा. खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिपायाकडे ठेवून येऊ नका.

बी-५०३ : आत्ताच दोघी परत आलो. शिक्का मिळाला, आवक क्रमांकही दिलाय. सुनावणी सोमवारी ११ वाजता. मैत्रिणीलाही त्याच वेळेला बोलावलंय. ही आत्ता तिलाच फोन करतेय, तिचा खुलासा अजून गेला नाहीये.