आईच्या औषधांचं बिल आणि डोनट होल

मेधा_एडिसन
नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात दादाकडून, टेक्सासहून, माझ्याकडे न्यू जर्सीत राहायला आली. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) आहे, पार्ट डी, म्हणजे त्यातला औषधांचा विमाही आहे. एलिक्विस आणि जार्डियन्स या दोन गोळ्या महागड्या, बाकीच्या किरकोळ. यंदा जानेवारीत या दोन्हींचेच सव्वाचारशे डॉलरच्या वर झाले. आई म्हणते, "आत्ताच एवढे, मग दिवाळीच्या सुमारास डोनट होल लागलं की काय?" बाबा असताना दोघांनी ते सोसलंय: ठरावीक खर्च झाला की प्लॅन हात आखडता घ्यायचा आणि औषधांचा मोठा वाटा खिशातून जायचा. काल तिचा गोळ्यांचा डबा भरायला घेतला, तर संध्याकाळचे कप्पे भरलेलेच! एलिक्विस सकाळी घेते, रात्रीची "शिल्लक टाकते". मावशी म्हणतेय, पुण्याहून पाठवते. काय करू?

औषधवाले_काका
मेधाताई, आधी त्या संध्याकाळच्या गोळीचं बघा. रक्त पातळ ठेवणारं औषध आहे ते, मीठमसाला नाही कमी करायला. एक वेळ चुकवली की गुठळीचा, पक्षाघाताचा धोका. चुकलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते आजच डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने दोन एकदम देऊ नका.

आता पैशाचं. डोनट होल २०२५ च्या १ जानेवारीपासून संपलं. ते आता लागणारच नाही. आयुष्यभर काउंटरमागे उभा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की म्हातारी माणसं पिशवी तिथेच ठेवून रिकाम्या हाताने परत जायची. ती धास्ती अजून डोक्यातून गेलेली नाही. आता मार बसतो तो जानेवारीत, डिडक्टिबलचा, म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायच्या रकमेचा. २०२६ ला तो जास्तीत जास्त ६१५ डॉलर.

आईचाच हिशेब मांडतो. यंदापासून मेडिकेअरने घासाघीस करून ठरवलेले भाव लागू झालेत. महिन्याला एलिक्विस २३१, जार्डियन्स १९७, मिळून ४२८. जानेवारीत पूर्ण भरले. फेब्रुवारीत डिडक्टिबलचे उरलेले १८७ आणि बाकीच्यावर आपला २५ टक्के वाटा, म्हणजे २४७ च्या आसपास. मार्चपासून १०७. प्लॅन साध्या २५ टक्क्यांचा धरून हे. तुमच्या प्लॅनमध्ये ठरावीक कोपे (दर औषधामागे ठरलेली रक्कम) असेल तर आकडे हलतील. पण प्लॅनच्या यादीतल्या औषधांवर वर्षभरात खिशातून २१०० च्या वर जात नाहीत, पुढे शून्य. (प्रीमियम त्यात धरत नाहीत, हे प्लॅनवाले हळू आवाजात सांगतात.)

पुण्याच्या गोळ्यांचं म्हणाल, तर परदेशातून टपालाने औषधं मागवणं इथल्या नियमात सहसा बसत नाही आणि तो खर्च २१०० मध्ये मोजलाही जात नाही.

सुलभा_जर्सीसिटी
हप्त्याने भरायची सोयही आहे ना? आमच्या सासूबाईंनी घेतलीय.

औषधवाले_काका
आहे. प्लॅनला फोन करून सांगायचं, फार्मसीत नाही. व्याज नाही. ती जानेवारीपासून घेतली असती तर पहिलं बिल १७५ च्या वर गेलं नसतं. पण खर्च एका पैशानेही कमी होत नाही आणि वर्षअखेरीकडे हप्ता चढत जातो. आता मोठे दोन महिने सरत आलेत, त्यामुळे तुम्हाला फारसा उपयोग नाही.

सुलभा_जर्सीसिटी
मग मेधा, पीएएडीचा अर्ज कर. न्यू जर्सी राज्याची योजना आहे ही, ६५ च्या पुढच्यांसाठी. पार्ट डीच्या जोडीने चालते. जेनेरिकला ५ डॉलर, ब्रँडला ७. बचत किती आहे ते विचारत नाहीत, फक्त उत्पन्न बघतात, आणि ती मर्यादा एक्स्ट्रा हेल्पच्या (कमी उत्पन्नवाल्यांना पार्ट डीसाठी मिळणाऱ्या केंद्राच्या मदतीच्या) मानाने बरीच वर आहे. दादाकडे होत्या तेव्हा टेक्सासमध्ये हे कुठून मिळणार! आता पत्ता इथला झाला ना?

औषधवाले_काका
हे माझ्या आधी तुम्हीच सांगायला हवं होतं. अर्जाला मदत लागली तर शिप म्हणून सरकारी सल्लागार असतात, फुकट.

मेधा_एडिसन
सात डॉलर?! आईला सांगितलं, तर म्हणाली, "वाच बरं परत." डॉक्टरांच्या नर्सशी बोलणं झालंय. संध्याकाळचा कप्पा आता मी स्वतः बघते. पीएएडीच्या अर्जाला तिचा राज्याचा आयडी लागेल का? अजून टेक्सासचाच आहे.

सुलभा_जर्सीसिटी
इथे राहते याचा पुरावा मागतील. आयडी बदलायचाच आहे, तर तो आधी करून घे.