दुधाची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट

प्लास्टिकच्या कचऱ्याचा विषय निघाला की ‘प्लास्टिकच्या वेष्टनातल्या वस्तू आपण घेणं थांबवलं की कंपन्या आपोआप वठणीवर येतील’ असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो.

दुधाची पिशवी घ्या. एकाच जातीचं प्लास्टिक, धुऊन वाळवली तर भंगारवाला वजनावर घेतो. इथे जबाबदारी पूर्ण आपली. आणि कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो चिमुकला तुकडा पुढे कोणी वेचत बसत नाही. (हे सांगून सांगून घरात मी अप्रिय झालेय.)

वेफर्सच्या पाकिटाचं तसं नाही. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. मग कितीही निगुतीनं धुवा. २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांत पुनर्वापर न होणारं असं बहुस्तरीय वेष्टन दोन वर्षांत बंद करायचं ठरलं होतं. २०१८च्या दुरुस्तीत ‘ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही’ अशी पुस्ती जोडली. जाळून ऊर्जा तर बऱ्याच कशापासून मिळते, म्हणजे पळवाट झालीच! पाकिटं दुकानात लटकलेलीच आहेत.

त्यामुळे ‘लोकांनाच शिस्त नाही’ हे इथे लागू पडत नाही. शाम्पूचं पाऊच घेणाऱ्या बाईला अख्ख्या बाटलीचे पैसे एकदम काढणं जमत नसतं, तिला काय उपदेश करणार? ज्यांना जमतं त्यांनी वाण्याकडे डबा न्यावा. आणि वेष्टनं परत गोळा करायची जबाबदारी त्याच नियमांनी उत्पादकांवर टाकलीय, ती आपल्या वॉर्डात कुठे दिसते, हे नगरसेवकाला विचारावं.