निकेल फोमवर कोणता उत्प्रेरक चढवू? हायड्रोजनच्या प्रोजेक्टसाठी सल्ला हवाय

राजारामपुरीकर: नमस्कार मंडळी. कोल्हापुरातच एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्याच्या विद्युत अपघटनातून हायड्रोजन, असा प्रोजेक्ट घेतलाय. पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज नियंत्रित करून करंट मोजणारं यंत्र) आणि काउंटरला, म्हणजे समोरच्या इलेक्ट्रोडला, प्लॅटिनमची तार मिळालीय, बाकी बजेट तुटपुंजं. १ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) काम आहे. निकेल फोमवर, म्हणजे निकेलच्या सच्छिद्र पत्र्यावर, काय चढवू? आणि पृष्ठभागावर नेमकं काय घडतं, हेही व्हायव्हात सांगता आलं पाहिजे.

शिरोलीवाला: भावा, निकेल-मॉलिब्डेनम घे. निकेल सल्फेट, सोडियम मॉलिब्डेट आणि सायट्रेटच्या द्रावणातून सरळ प्लेटिंग होतं, ऑटोक्लेव्ह (उच्च दाबाचं बंद भांडं) लागत नाही. फोम आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धू, ऑक्साइड राहिला की थर पोपड्यासारखा सुटतो. मी प्लेटिंगमध्येच आहे, धुण्यात कंजूषी केली की पुढचं सगळं वाया.

जुना केमिस्ट: वरचा सल्ला बरोबर आहे. आता व्हायव्हाचं. हायड्रोजनचा अणू पृष्ठभागाने किती घट्ट धरावा, यावर सगळा खेळ आहे. सैल धरला तर तो बसतच नाही, घट्ट धरला तर वायू होऊन सुटत नाही. प्लॅटिनम बरोबर मध्ये येतं. आम्लात प्रोटॉन आयता मिळतो. केओएचमध्ये मात्र पाण्याचा रेणू आधी फोडावा लागतो, ती वोल्मर पायरी (हायड्रोजनचा अणू पृष्ठभागावर बसण्याची) जड जाते, म्हणून तिथे प्लॅटिनमही मंदावतं. पुढे वायू होण्याच्या दोन वाटा: हेरोव्स्की (बसलेला अणू पाण्याच्या आणखी एका रेणूतला हायड्रोजन घेतो) किंवा टाफेल (बसलेले दोन अणू एकत्र येतात). टाफेल उतार (करंट दहापट करायला लागणारं जादा व्होल्टेज) १२० मिलिव्होल्टच्या आसपास आला तर बहुधा वोल्मर अडलेली, पण नुसत्या उतारावरून छातीठोकपणे काही सांगू नका.

आणि ती प्लॅटिनमची तार काउंटरला अजिबात लावू नका! काउंटर इथे ॲनोड असतो, तिथे प्लॅटिनम कणाकणाने विरघळतं आणि तुमच्या निकेलवर येऊन बसतं. दर स्कॅनला करंट थोडा वाढतो, वाटतं उत्प्रेरक सुधारतोय. श्रेय मात्र प्लॅटिनमचं असतं. ग्रॅफाइटचा रॉड वापरा, मध्ये मेम्ब्रेन घाला. रेफरन्सला (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या इलेक्ट्रोडला) मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड, सिल्व्हर क्लोराइडचा केओएचमध्ये टिकाव लागत नाही.

राजारामपुरीकर: मनापासून आभार सर. ग्रॅफाइट रॉड बघतो. नमुना रात्रभर केओएचमध्येच ठेवला तर चालेल?

शिरोलीवाला: नको. करंट बंद असताना मॉलिब्डेनम विरघळून जातं. काढ, डिस्टिल्ड पाण्याने धू, वाळव.

जुना केमिस्ट: मोकळ्या निकेल फोमचं मोजमापही त्याच सेलमध्ये घ्या आणि दोन्ही आलेख एकत्र दाखवा. १० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला किती ओव्हरपोटेन्शियल (सैद्धांतिक व्होल्टेजपेक्षा जादा व्होल्टेज) लागलं, हे पहिलं विचारतील, मागोमाग द्रावणाच्या रोधाची दुरुस्ती केली का, म्हणजे त्या रोधात खर्च होणारं व्होल्टेज वजा केलं का, ते.