जुनी टर्बो गाडी, पण रोज चालवायला (मोदकांच्या धाग्यातून वेगळं केलेलं)

प्रेषक: निखिल, फ्रीमाँट
मंगळवार, रात्री ११:१८

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या मोदकांच्या ऑर्डरीच्या धाग्यात गाडीचा प्रश्न घुसडला म्हणून समितीचा ओरडा खाल्लाय. नवा धागा उघडतोय.

ऐंशी-नव्वदच्या दशकातली टर्बो स्पोर्ट्स कार घ्यायचं डोक्यात आहे. गॅरेजमध्ये चादर घालून ठेवायला नको, चालवायला हवी. आठवड्यातून तीन दिवस डंबार्टन पुलावरून पालो आल्टोला ऑफिस, शनिवारी लेकीला मराठी शाळेत सोडणं, आणि अधूनमधून पहाटे स्कायलाइनच्या डोंगररस्त्यावर एक चक्कर. एका नव्या कॅमरीएवढे पैसे बाजूला काढलेत. टोयोटा सुप्राचं नाव काढत नाही, तिच्या किमतीत कल्याणला फ्लॅट येईल.

यादीत आहेत टोयोटा एमआर२ टर्बो, निसान ३००झेडएक्स ट्विन टर्बो, माझदा आरएक्स-७ आणि पोर्शे ९४४ टर्बो. अशोककाका, तुमची ९४४ पिकनिकला पाहिल्यापासून झोप उडालीये. काय घेऊ?

निखिल

---

प्रेषक: अशोक, सनीव्हेल
बुधवार, सकाळी ६:०५

निखिल,

आधी तुझी यादी कापतो. लेक सात वर्षांची ना? एमआर२ ला मागे सीट नाही, तिथे इंजिन आहे. ३००झेडएक्सची ट्विन टर्बो अमेरिकेत फक्त दोन सीटांचीच विकली. मागे सीटवाली इथे मिळते ती बिनटर्बोची. आरएक्स-७ चीही तीच गत, शिवाय त्या रोटरी इंजिनावरचं व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ एकदा बॉनेट उघडून बघच. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला मागेच बसवावं लागतं. मागची सीटच नसेल तर कायदा सूट देतो, पण तुझी बायको सायली देईल का ते तू बघ.

पोर्शे ९३०, म्हणजे ९११ ची टर्बो, मनात असेल तर काढून टाक. १९७५ साली आली तेव्हा तीन लिटर, २६० हॉर्सपॉवर, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. टर्बोचा जोर उशिरा येतो आणि आला की एकदम येतो. वळणात दचकून पाय काढलास की गाडीचं मागचं अंग पुढे यायला बघतं. शेवटचं १९८९ चं वर्ष सोडलं तर गिअर चारच. किमतीबद्दल बोलायलाच नको.

राहिली ९४४ टर्बो. इथे १९८६ ते १९८९ ही चारच वर्षं विकली गेली. २१७ हॉर्सपॉवर; १९८८ ची टर्बो एस आणि १९८९ च्या सगळ्या २४७ च्या. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन पुढेमागे जवळजवळ सारखं. माझी १९८७ ची आहे, २००६ मध्ये घेतली. त्या वर्षापासून चालक आणि शेजारी दोघांनाही एअरबॅग स्टँडर्ड होत्या, तेव्हा भल्याभल्या गाड्यांत एकही नसायची. मागची सीट नावालाच आहे, पण सात वर्षांची पोर मावते. एक मात्र बघून घे: मागचा पट्टा खांद्यावरून येणारा हवा, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर मुलांची बूस्टर सीट चालत नाही.

चालवायला कशी? ३००० आरपीएमपर्यंत नुसती अडीच लिटरची शांत गाडी. पाय दाबलास तर 'हो हो, निघाले' म्हणते आणि जागची हलत नाही, घाटात दुसऱ्या गिअरची वाट बघणाऱ्या यष्टीसारखी. साडेतीन हजारांना कुणीतरी मागून पाठीला हात लावून ढकलल्यासारखं होतं. पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तुला पहिलाच भाग मिळणार आहे, हे लक्षात ठेव.

आता दुखणी. इंजिनाला पुढे दोन पट्टे आहेत, एक टायमिंगचा, एक बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा). टायमिंगचा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि इंजिन संपतं. चार वर्षं किंवा तीस हजार मैल, यातलं जे आधी होईल तेव्हा बदलायचे, त्याच वेळी वॉटर पंपही. 'गाडी चाललीच नाही हो' ही सबब पट्ट्याला कळत नाही, रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. पेट्रोलच्या नळ्यांचंही तेच, आणि त्या फुटल्या तर आग. क्लच बदलायचा तर इंजिन आणि मागचा गिअरबॉक्स यांना जोडणारी लांब नळी मागे सरकवावी लागते, म्हणजे गाडीच्या पोटाखालचं जवळजवळ सगळं उतरवायचं. क्लच किती उरलाय हे घेण्याआधी कळलं नाही तर नंतर बिलात कळतं.

आणि एक गंमत. घेतली त्या वर्षी सॅन मटेओ पुलावर, संध्याकाळी सहाला, मधल्या लेनमध्ये गाडी बंद. खोकली नाही, अडखळली नाही, दिवा मालवावा तशी गेली. टो करून नेली. मेकॅनिकने इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बदलला, पैसे घेतले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी निघाली काडेपेटीएवढी डीएमई रिले, पंपाला आणि इंजिनच्या कंप्युटरला वीज देणारी. आतलं डाखकाम उन्हाने तडकतं. तेव्हापासून ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा रिले असते. जिच्या मालकाकडे जादा रिले नाही ती गाडी घेऊ नकोस. थट्टा करत नाहीये, हा माझा सगळ्यात भरवशाचा निकष आहे.

अशोककाका

---

प्रेषक: कौस्तुभ, सॅन होजे
बुधवार, दुपारी १२:४०

निखिल, मॉडिफाय केलेली कुठलीही टर्बो घेऊ नकोस. पोळलोय म्हणून सांगतो.

१९९१ ची एमआर२ टर्बो घेतली होती. आधीच्या मालकाने मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, वेगळा एक्झॉस्ट, सगळं हौसेने बसवलेलं. पळायची मस्त. १९७६ पासूनच्या पेट्रोल गाडीला इथे दर दोन वर्षांनी स्मॉग, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, लागतो. २००० च्या आधीच्या गाडीच्या धुराड्यात नळी घालून मोजतात, आणि शिवाय बॉनेट उघडून डोळ्यांनी तपासतात. बाहेरून बसवलेल्या पार्टवर कॅलिफोर्नियाच्या मान्यतेचा नंबर नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, नापास. ओरिजिनल पार्ट शोधण्यात पाच महिने गेले, गाडी ड्राइव्हवेत. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसुद्धा इथे मान्यता असलेलाच चालतो.

स्मॉग सर्टिफिकेट विकणाऱ्याने द्यायचं असतं, ९० दिवसांच्या आतलं. 'तुम्ही करून घ्या, तेवढे कमी करतो' म्हणाला की उठून यायचं.

---

प्रेषक: मेधा, प्लेझंटन
बुधवार, रात्री ९:५२

अशोकराव, पट्ट्यांचं आणि क्लचचं सांगितलंत म्हणून मला साबची आठवण आली. निखिल, साब ९०० टर्बो यादीत का नाही? मिशिगनमध्ये शिकत असताना माझ्याकडे होती, सेकंडहँड, बर्फात सुद्धा कुठे अडली नाही. किल्ली दोन सीटांच्या मध्ये लावायची. इंजिन उलटं बसवलेलं, म्हणजे क्लच पुढे, रेडिएटरच्या बाजूला. बॉनेट उघडून एका दुपारी बदलून होतो. मागे तीन माणसं आणि त्यामागे फ्रिज मावतो. दुबळा आहे तो इंजिनाखालचा गिअरबॉक्स, टर्बोचा जोर त्याला सोसत नाही, म्हणून पहिल्या दोन गिअरमध्ये पाय हलका ठेवायचा. कंपनी २०११ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, तरी पार्ट मिळतात.

पण तू स्पोर्ट्स कार म्हणालास आणि साब दिसते प्राध्यापकासारखी, त्यामुळे आग्रह करत नाही.

टर्बोचं एक समजून घे, मग कुठलीही घे. एक्झॉस्टच्या धुरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. पळवून आणून लगेच किल्ली काढली की तेलाचा पुरवठा थांबतो आणि बेअरिंगमधलं तेल तव्यावर विसरलेल्या तेलासारखं जळून काळं होतं. असे दोनेकशे दिवस झाले की टर्बो निळा धूर काढायला लागतो. म्हणून तेल वेळेवर बदललेली गाडी जास्त मैल चाललेली असली तरी मी ती आधी घेईन. ९४४ टर्बोत पोर्शेने यावर छान उपाय केलाय: टर्बोला पाण्याची वाट दिलीय, आणि गाडी बंद केल्यावरही विजेचा छोटा पंप थोडा वेळ पाणी फिरवत राहतो. आधीच्या ९२४ टर्बोत हे नव्हतं.

अवांतर: १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरला टर्बो होता, आणि इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी. मालकाने ती भरत राहायची. लोक विसरायचे. दोन वर्षांत कंपनीने नाद सोडला.

आणि विमा. क्लासिक गाडीची ठरलेल्या किमतीची पॉलिसी स्वस्त असते, पण बहुतेकींत रोज ऑफिसला न्यायला मनाई असते. तू तीन दिवस पुलावरून जाणार आहेस. आधी विचार, मग गाडी बघ.

मेधा

---

प्रेषक: समीर, मिलपिटस
बुधवार, रात्री १०:०१

ईव्ही घे ना राव. ० ते ६० झटक्यात, पट्टा नाही, रिले नाही.

---

प्रेषक: अशोक, सनीव्हेल
गुरुवार, सकाळी ५:५८

समीर, तुझ्या ईव्हीला मागच्या महिन्यात माझ्या ड्राइव्हवेत अपडेट यायला दीड तास लागला होता. चहा दोनदा झाला.

---

प्रेषक: निखिल, फ्रीमाँट
रविवार, रात्री १०:३०

मंडळी, अहवाल.

काल काकांना घेऊन दोन ९४४ टर्बो पाहिल्या. पहिली वॉलनट क्रीकला. लाल, चकचकीत, ४८ हजार मैल चाललेली. मी तिथेच विरघळलो. काकांनी गाडीकडे न बघता आधी बॉनेटवर तळवा ठेवला. गरम. आम्ही 'इंजिन थंड असू दे' असं दोनदा कळवलं होतं, थंड इंजिन चालू करतानाच दुखणी दिसतात म्हणून. विकणारा म्हणाला, आत्ताच धुवायला नेली होती. काकांनी काही न बोलता 'एक चक्कर मारू' म्हटलं. तीन मैलांनी ओडोमीटर होता तिथेच. आतलं प्लास्टिकचं गिअर तुटलेलं, केव्हापासून ते त्यालाही ठाऊक नव्हतं (की होतं). म्हणजे ४८ हजार हा आकडा कुठल्या साली थांबला ते देव जाणे. पट्ट्यांचा एकही कागद नाही.

दुसरी सांता क्रूझला. १९८६, पांढरी, १ लाख ३२ हजार मैल. डॅशबोर्डला तीन तडे, सनरूफ अर्ध्यावर कुरकुरतो. मालकीणबाई निवृत्त नर्स. त्यांनी जाड निळी फाईल टेबलावर ठेवली: १९९४ पासूनची बिलं तारखेप्रमाणे, पट्टे आणि वॉटर पंप दोन वर्षांपूर्वी, क्लच २०१९, पेट्रोलच्या नळ्या बदललेल्या, स्मॉग गेल्याच महिन्यातला. थंड इंजिन पहिल्याच किल्लीला चालू, धूर नाही. काकांनी ग्लोव्ह बॉक्स उघडला. आत रिले. जुन्या मोज्यात गुंडाळलेली.

काका बाहेर जाऊन बायकोला फोन करत उभे राहिले. आता भाव तू कर, म्हणाले.

सोमवारी स्वतंत्र मेकॅनिककडून कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलेंडर दाब नीट धरतात का ते) तपासून घेतोय. नीट निघालं तर घेतो. मेधाताई, विम्याचं विचारलं: ऑफिसला न्यायला खरंच चालत नव्हतं, नेहमीची पॉलिसी घ्यावी लागेल. थोडी महाग आहे. बरं झालं आधी सांगितलंत.

निखिल

---

प्रेषक: निखिल, फ्रीमाँट
पुढचा शुक्रवार, रात्री ११:०५

घेतली.

लीक-डाउन चारही सिलेंडरला ठीक. पॉवर स्टिअरिंग गळतंय, ते कळून घेतलंय. कॅमरीएवढ्यातले राहिलेले पैसे पहिल्या वर्षासाठी तसेच ठेवलेत, काकांच्या आज्ञेवरून.

आज पुलावर पंचेचाळीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. काका, 'शांत गाडी'चा अनुभव पुरेपूर आला. घरी येऊन गॅरेजमध्ये बंद केली आणि बॉनेटखालून घरघर सुरूच. पुण्याहून आलेली आई दारात उभी होती. म्हणाली, "बंद केलीस ना? मग आत काय चाललंय?" मी मेधाताईंचं तव्याचं उदाहरण दिलं. आई पंप थांबेपर्यंत ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "बरं आहे, आपल्या मिक्सरला असं हवं होतं."

समितीला: मोदकांचे चार ट्रे मागे मावतात, सीट पाडून मोजलं. शनिवारी प्लेझंटनहून मी आणतो. मागची काच मात्र कुणी आपटायची नाही, जुन्या ९४४ मध्ये ती चौकटीपासून सुटते. मी स्वतः येऊन लावेन.

निखिल