स्विफ्टचा अलर्ट, गच्चीवरची आठ इंची आणि एक लांबट ठिपका: हा आफ्टरग्लो असेल का?

वायंडिंगवाला (सोलापूर):

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे. आधी हकीकत सांगतो, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात "फोकस बघितला होता का" असं कोणीतरी विचारणारच.

माझं लूमच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. घर अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, खाली शेजाऱ्याचे सहा माग. रात्री बाराला ते बंद होतात, तोवर गच्चीवर ठेवलेल्या तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरत असतं. दुर्बीण आठ इंची न्यूटोनियन, फोकल लांबी एक मीटर. पुण्यातल्या एकाने माउंटची मोटार जळालीय म्हणून स्वस्तात दिली. जळाली काही नव्हती, कार्डावरचं एक सोल्डरिंग सुटलं होतं. मी घासाघीस तरीही केली, हे कबूल.

गॅमा किरण स्फोटांचं वेड लागलं ते कोजागरीमुळे. ९ ऑक्टोबर २०२२, रविवार. गच्चीवर दूध आटत होतं आणि मी दुर्बिणीतून गल्लीतल्या पोरांना चंद्रावरचे खड्डे दाखवत होतो. दोन दिवसांनी वाचलं की त्याच संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मी उपग्रहावर आजवरचा सगळ्यात तेजस्वी स्फोट नोंदला गेला. ७ वाजून ४० मिनिटांनी स्विफ्ट या दुसऱ्या उपग्रहानेही तो पकडला. जीआरबी २२१००९ए. शर तारकासमूहात, म्हणजे श्रवणच्या थोडं वर. हिशोब करून बघितलं तर ७:४० ला ती जागा आमच्या गच्चीवरून पश्चिमेला सत्तर अंशांवर होती, जवळजवळ डोक्यावरच. एकशे नव्वद कोटी वर्षं प्रवास करून उजेड आला आणि माझी दुर्बीण पाठ करून चंद्राकडे! तेव्हापासून जीसीएनचे, म्हणजे स्फोट झाला की जगभर कळवणाऱ्या जाळ्याचे, मेल सुरू केले आणि त्यांना मोबाइलमध्ये वेगळी घंटी लावली. फर्मीचे मेल सुरुवातीला इतके यायचे की बायकोला वाटलं, मी कुणाकडून कर्ज काढलंय. एका स्फोटाचे चार-चार मेल, आणि जागेची खात्री काही अंशांची. माझ्या कॅमेऱ्यात आकाशाचा जेमतेम सव्वा अंश मावतो. ते बंद करून आता फक्त स्विफ्टचे ठेवलेत.

तर अमावास्येच्या आदल्या रात्री ८:५२ ला घंटी वाजली. मीन रास, मध्यमंडलाजवळ, ढग नाहीत. ताट तसंच ठेवून वर पळालो. तिपाईच्या पायांसाठी गच्चीवर लाल ऑइलपेंटच्या खुणा केल्या आहेत, त्यामुळे ध्रुवाला जुळवण्यात वेळ गेला नाही. वेळ खाल्ला तो लॅपटॉपने, अपडेट घेत बसला. पहिला फोटो ९:३१ ला. तीस सेकंदांचे ४८ फोटो, शेवटचा ९:५८ ला. सगळे एकावर एक रचले आणि पालोमारच्या जुन्या प्लेटांवरून केलेल्या डिजिटाइज्ड स्काय सर्व्हेशी ताडून बघितले. मेलमध्ये दिलेल्या तीन कलामिनिटांच्या (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर्तुळात एक ठिपका आहे जो जुन्या प्लेटवर नाही! अंदाजे साडेपंधरावी प्रत (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद). ठिपका जरा लांबट आहे, भुईमुगाच्या शेंगेसारखा, पण ते मागांच्या हादऱ्यामुळे झालं असावं.

प्रश्न असा: हा आफ्टरग्लो असू शकतो का, आणि असेल तर कुणाला कळवायचं? मोठ्याने ओरडायच्या आधी तुम्हाला विचारतोय. त्या रात्री झोप आली नाही हे वेगळं सांगायला नको.

कडकभाकरी:

काय करालास बे एवढ्या थंडीत गच्चीवर! सगळं वाचलं, पण आमच्यासारख्यांसाठी दोन ओळी लिहा की कुणीतरी. स्फोट काही सेकंदांत संपतो म्हणतात, मग हा माणूस चाळीस मिनिटांनी वर जाऊन नेमकं शोधत काय होता? बार उडून गेल्यावर नळा बघण्यातला प्रकार वाटतोय.

मृगशीर्ष (बार्शी):

कडकभाकरी, चेष्टेत विचारलंत पण प्रश्न नेमका आहे. बत्तीस वर्षं फळ्यासमोर घालवल्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

दोन सेकंदांपेक्षा जास्त चालणारे बहुतेक स्फोट एखादा अवाढव्य तारा स्वतःत कोसळताना होतात. त्यातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एक झोत सुटतो. पहिला गॅमा किरणांचा भपका त्या झोताच्या आतला असतो, तो सेकंदांत किंवा फार तर काही मिनिटांत विझतो. झोत मात्र पुढे जातच असतो. ताऱ्याभोवतीच्या वायूवर तो आदळतो, तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत सगळीकडे झळाळी दिसते. ती तास, दिवस, कधी आठवडे टिकते. हाच आफ्टरग्लो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम होतं, त्यात बार क्षणात होतो आणि निखारे नंतर खाली येत राहतात. उपमा अर्धीच खरी आहे, कारण इथे निखारा वाटेतल्या हवेला घासून पेटतो. पण तुमचा नळा रिकामा नाही एवढं त्यातून कळावं.

हे कळायला तीस वर्षं लागली. अमेरिकेचे वेला उपग्रह चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी होते. २ जुलै १९६७ ला त्यांना पहिला स्फोट दिसला, जाहीर झालं १९७३ मध्ये. स्फोट नक्की कुठे झाला ते सांगता येत नव्हतं, कारण गॅमा किरण भिंग किंवा आरशाने एकत्र आणता येत नाहीत. स्विफ्ट त्यावर काय करतो, तर शिशाच्या हजारो तुकड्यांची जाळी डोक्यावर धरतो आणि तिची सावली खालच्या संवेदकांवर कशी सरकली ते बघतो. ओसरीवर पडलेल्या तट्ट्याच्या सावलीवरून सूर्य कुठे आहे ते ओळखावं, तसं. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणालाही अशीच जाळी आहे, आणि ६ ऑक्टोबर २०१५ ला काम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला होता.

आता वायंडिंगवाले दादा, तुमच्यासाठी एक गोष्ट. पहिला दृश्य आफ्टरग्लो सापडला २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाचा. बेपोसॅक्स उपग्रहाने जागा सांगितली, ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याच रात्री फोटो घेतला. पण त्या फोटोत "हाच तो" असं काही दिसलं नव्हतं. ८ मार्चला त्याच बेटावरून पुन्हा फोटो घेतला तेव्हा एक ठिपका गायब होता. जो गेला, तो आफ्टरग्लो होता. तुमच्याकडे दुसऱ्या रात्रीचा फोटो आहे का?

ढगाआडून (मूळचा मोहोळचा, सध्या पुणे):

बाईंनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. मी ठिपक्याबद्दल बोलतो, आणि वाईट वाटून घेऊ नका.

हादरा एकट्या ठिपक्याला बसत नाही, दादा. बाजूचे तारे गोल आणि हाच शेंगेसारखा, तर दोष मागांचा नाही, ठिपका स्वतःच चाललाय. त्यात मीन रास, म्हणजे क्रांतिवृत्ताचा शेजार, आणि लघुग्रह बहुतेक त्याच पट्ट्यात फिरतात. मला लघुग्रहाचा वास येतोय. तुमच्याकडे ४८ फोटो आहेत ना? पहिले सोळा वेगळे रचा, शेवटचे सोळा वेगळे रचा, आणि दोन्ही चित्रं आलटून पालटून बघा. मग लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत ती वेळ आणि ती जागा टाका. हे काम ओरडण्याच्या आधीचं आहे, आणि तुम्ही ओरडायच्या आधी विचारलंत, म्हणून लिहायला बरं वाटतंय.

दुसरं. तुम्ही पहिलाच मेल धरून बसलात. स्विफ्टवर तीन उपकरणं आहेत. जाळीवालं बॅट वीसेक सेकंदांत काही कलामिनिटांची जागा सांगतं आणि तुमचा पहिला मेल त्याचा असतो. मग अख्खा उपग्रह त्या दिशेला वळतो, आणि एक्सआरटी ही क्ष-किरण दुर्बीण जागा काही कलासेकंदांवर आणते. तो मेल बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत येतो. तुम्ही लॅपटॉपच्या अपडेटवर चिडलेले असताना तो येऊन पडलेला असणार. इनबॉक्स बघा. ठिपका एक्सआरटीच्या वर्तुळात नसेल तर विषय संपला.

आणि कोजागरीची हळहळ थोडी कमी करा. स्विफ्टच्या दृश्य दुर्बिणीला तो आफ्टरग्लो सुरुवातीला साडेसोळा प्रतीच्या आसपासच दिसला होता. स्फोट विक्रमी, पण आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यातून बघायचा होता, आणि मधल्या धुळीने दृश्य प्रकाशाचा मोठा हिस्सा खाल्ला. वर पौर्णिमेचा चंद्र. शिवाय पहिल्या मेलमध्ये तो गॅमा किरण स्फोट आहे असं लिहिलंच नव्हतं. जागा आकाशगंगेच्या पट्ट्यात म्हणून आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी भडकलं असावं असं वाटलं, स्विफ्ट जे१९१३.१+१९४६ असं नावही दिलं. फर्मीच्या नोंदीशी सांगड नंतर बसली. त्यामुळे तुम्ही मेल वाचला असता तरी बहुधा दूधच प्यायला असतात.

वायंडिंगवाला:

लघुग्रहच आहे.

सोळा-सोळाचे दोन गठ्ठे केले. ठिपका नऊ पिक्सेल सरकलेला. दोन्ही चित्रं लॅपटॉपवर आलटून पालटून लावली तेव्हा तो एकटाच टुणकन इकडून तिकडे उडी मारत होता आणि बाकी सगळे तारे ढिम्म. पोरगी शेजारी होती. ती म्हणाली, "बाबा, हा तर चालतोय." चार रात्री मला जे दिसलं नाही ते तिला दोन सेकंदांत दिसलं. यादीत टाकल्यावर क्रमांकासह नावच आलं, जुना ओळखीचा लघुग्रह निघाला.

एक्सआरटीचा मेलही सापडला, ८:५५ चा. न वाचलेला. त्याची जागा माझ्या ठिपक्यापासून दोन कलामिनिटं लांब आहे आणि तिथे माझ्या फोटोत काहीच नाही. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगमधल्या प्रती बघितल्या तर माझा सगळ्यात मंद तारा १६.८ चा दिसतो.

आता ही एवढी सगळी उठाठेव वायाच का?

मृगशीर्ष (बार्शी):

मुळीच नाही. "या जागी, या वेळेला, १६.८ प्रतीपर्यंत काही दिसलं नाही" हीसुद्धा नोंद आहे. जीसीएनच्या सर्क्युलरमध्ये, म्हणजे निरीक्षकांनी लिहून पाठवलेल्या टिपणांत, अशा मर्यादा नेहमी येतात. पाठवा.

ढगाआडून:

बाई, मान राखून सांगतो, मी नाही पाठवणार. आफ्टरग्लोचं मंद होणं साधारण असं असतं की वेळ दहापट झाला की उजेड दहापट घटतो, म्हणजे अडीच प्रती. पहिल्या चार मिनिटांत चौदावी प्रत असलेला चाळीसाव्या मिनिटाला साडेसोळावर येतो. तेव्हाची १६.८ ही मर्यादा जेमतेम काठावरची, आणि तोवर लडाखमध्ये हान्लेला ग्रोथ-इंडियाची ७० सेंटिमीटरची दुर्बीण आपोआप वळून याच्या कितीतरी खाली पोहोचलेली असू शकते. तीच १६.८ चौथ्या मिनिटाला असती तर मी स्वतः तुम्हाला सर्क्युलर लिहून दिलं असतं. तुमचं भांडवल आरशात नाही, धावण्यात आहे. लॅपटॉप गच्चीच्या खोलीत चालूच ठेवा, अपडेट बंद करा.

आठ इंचीने होत नाही असं मात्र म्हणत नाहीये. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या बर्टो मोनार्ड या हौशी निरीक्षकांनी २००३ साली बारा इंची दुर्बिणीने एक आफ्टरग्लो सगळ्यांच्या आधी शोधला होता. आणि १९ मार्च २००८ चा स्फोट तर क्षणभर नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढा उजळला होता, साडेसातशे कोटी प्रकाशवर्षांवरून! आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते.

मृगशीर्ष (बार्शी):

काठावरची असली तरी मर्यादा ती मर्यादाच, पुढचा माणूस ठरवेल तिचं काय करायचं ते. पण पाठवताय तर नीट पाठवा: वेळ यूटीमध्ये (जागतिक वेळेत), म्हणजे साडेपाच तास वजा करून, मधला क्षण १६:१४ च्या आसपास. किती फोटो, किती सेकंदांचे, फिल्टर नव्हता हेही, आणि प्रती कोणत्या कॅटलॉगवरून काढल्या ते. पहिल्यांदा लिहिताना माझे विद्यार्थी नेमकी वेळच विसरतात.

वायंडिंगवाला:

बाई, मसुदा तयार करतो, तुम्हीच तपासा. पाठवायचं की नाही ते नंतर बघू.

ढगाआडून, सराव सुरू केलाय. काल पोरीला स्टॉपवॉच देऊन खाली बसवलं, तिने मनाला येईल तेव्हा हाक मारायची. पहिल्यांदा हाकेपासून पहिल्या फोटोपर्यंत एकोणीस मिनिटं, दुसऱ्यांदा अकरा. त्यातली चार मिनिटं आरशावरचं झाकण शोधण्यात गेली, ते बायकोने पापडावर ठेवलं होतं.

कडकभाकरी:

पुढची घंटी वाजली की मला पण फोन कर बे. शेंगाचटणी घेऊन येतो. झाकण मी धरून बसतो.